आयडा बी. वेल्स : समोरच्याच्याच वर्तमानपत्रातून पुरावा काढणारी बाई

पाटीपेन्सिल (धागालेखिका)

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याबद्दल आपण बोलतो तेव्हा लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स ही तीन नावं ठरलेली असतात. फार तर गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन. आयडा वेल्सवर इथे धागा शोधला, एकही सापडला नाही, म्हणून उघडते. जन्म-मृत्यूच्या सनावळ्या कुठेही मिळतील. मला सांगायचंय ते तिच्या कामाच्या पद्धतीबद्दल. तरी थोडी पार्श्वभूमी द्यावीच लागेल.

जन्म १६ जुलै १८६२, मिसिसिपी राज्यातलं होली स्प्रिंग्ज. आईवडील गुलाम, म्हणजे कायद्याने तीही गुलामच. तीन वर्षांत यादवी युद्ध संपलं आणि कुटुंब मोकळं झालं. वडील जेम्स सुतार होते, चार पैसे राखून होते, काळ्या मुलांसाठी निघालेल्या शाळेच्या कारभारात होते. १८७८ साली पिवळ्या तापाची साथ आली. त्यात आईवडील आणि तान्हा भाऊ गेले. नातेवाईक जमले, कोणतं भावंड कुणी न्यायचं याची वाटणी सुरू झाली. सोळा वर्षांच्या आयडाने ती मोडून काढली. केस वर बांधले, वय अठरा सांगितलं आणि खेड्यातल्या शाळेत मास्तरीण झाली.

पुढे मेम्फिस. तिथे मास्तरकी करता करता ‘आयोला’ या टोपणनावाने लिहू लागली. १८८९ मध्ये ‘फ्री स्पीच’ या वर्तमानपत्रात भागीदार झाली. काळ्या मुलांच्या शाळांची दैना छापली म्हणून १८९१ मध्ये नोकरी गेली, मग पूर्णवेळ पत्रच. हे पत्र ती गुलाबी कागदावर छापत असे. वाचता न येणाऱ्या माणसालाही विकत घेताना ते ओळखता यावं (घरी नेलं की कुणीतरी वाचून दाखवणारच), आणि दुसराच अंक त्याच्या गळ्यात मारला जाऊ नये. खपाचा असा विचार करणारी संपादक मला फार आवडते.

आता मुख्य गोष्ट. मेम्फिसमध्ये ‘द कर्व्ह’ नावाच्या वस्तीत तीन काळ्या तरुणांनी ‘पीपल्स ग्रोसरी’ हे किराणा दुकान काढलं होतं : टॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल, विल स्टुअर्ट. समोर एका गोऱ्याचं दुकान होतं, त्याचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. पोरांच्या गोट्यांच्या खेळावरून भांडण झालं, त्यात मोठे उतरले, रात्री दुकानावर साध्या वेशातली हत्यारबंद माणसं चालून आली, आतून गोळ्या सुटल्या. जखमी झाले ते सरकारी शिपाई निघाले. तिघांना तुरुंगात टाकलं. ९ मार्च १८९२ च्या पहाटे झुंडीने तिघांना तुरुंगातून काढून शहराबाहेर रेल्वेच्या आवारात नेलं आणि गोळ्या घातल्या. मॉस पोस्टमन होता. आयडाचा जवळचा मित्र, त्याच्या मुलीची ती धर्ममाता. मरताना तो म्हणाला, माझ्या लोकांना सांगा, पश्चिमेकडे निघून जा, इथे न्याय नाही. हे छापलं गोऱ्यांच्याच पत्राने! म्हणजे तिथे उभं राहून ऐकणारा कुणीतरी होता.

तोवर आयडाही लिंचिंगबद्दल हेच धरून चालत होती की ते बेकायदा आहे, क्रूर आहे, पण बलात्काराच्या संतापातून होत असावं. मॉसवर तसला आरोपच नव्हता. त्याचा गुन्हा म्हणजे चाललेलं दुकान. मग तिने एकेक प्रकरण उकरायला सुरुवात केली. जिथे घडलं तिथे जायचं, माणसांशी बोलायचं, आणि दाखल्यासाठी वापरायची गोऱ्यांची वर्तमानपत्रं. ‘शिकागो ट्रिब्यून’ दरवर्षी लिंचिंगची यादी आणि कारणं छापत असे. त्या यादीवरून तिने दाखवलं की आठ वर्षांत मारलेल्या ७२८ काळ्या माणसांपैकी जेमतेम एकतृतीयांशांवर बलात्काराचा नुसता *आरोप* होता. बाकीचे? गोऱ्याशी उद्धट बोलणं, भांडण, चोरी, आणि काही वेळा कारणच नाही.

काळ्या बाईने काळ्यांच्या साक्षी गोळा केल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं. तुमचेच आकडे, तुमच्याच बातम्या, मी फक्त बेरीज केली, असं म्हटल्यावर समोरचा अडकतो. १८९२ ची ही शोधपत्रकारिता आहे, आणि तिच्या पदरी ना विद्यापीठ होतं ना वृत्तसंस्था.

बाकी प्रतिसादांत लिहिते. हात दुखले.

---

निळावंती

वाचनखूण साठवली. त्या खुनांनंतर मेम्फिसमध्ये पुढे काय झालं? लोक खरंच निघून गेले?

---

पाटीपेन्सिल

गेले, हजारोंनी. ओक्लाहोमाकडे. तिने अग्रलेखांतून तेच सांगितलं होतं. आणि जे राहिले त्यांनी ट्रामगाड्यांत बसणं सोडलं. इथला एक प्रसंग मला पाठ आहे. ट्राम कंपनीचे दोन गोरे अधिकारी तिच्या कचेरीत आले. म्हणाले, तुमचे लोक गाडीत बसेनासे झालेत, कंपनीचं नुकसान होतंय, तुम्ही काहीतरी लिहा. आमच्या मते ते विजेला घाबरतात. (ट्राम नुकत्याच विजेवर आल्या होत्या.) हिने विचारलं, कधीपासून बसत नाहीत? सहा आठवडे झाले. ही म्हणाली, त्या तिघांना मारलं त्यालाही सहाच आठवडे झालेत. त्यावर ते म्हणतात, पण त्याचा ट्राम कंपनीशी काय संबंध? तिने ही सगळी मुलाखत छापून टाकली आणि चर्चमध्ये जाऊन सांगितलं, चाललंय ते चालू द्या.

रोझा पार्क्समुळे गाजलेला माँटगोमेरीचा बस बहिष्कार १९५५ चा. हे त्याच्या त्रेसष्ट वर्षं आधीचं.

मे महिन्यात तिने तो प्रसिद्ध अग्रलेख लिहिला. सारांश असा, की काळे पुरुष गोऱ्या बायकांवर बलात्कार करतात या जुन्या, झिजलेल्या थापेवर इथे कुणाचाच विश्वास नाही, आणि दक्षिणेतले गोरे पुरुष जपून राहिले नाहीत तर लोक असा निष्कर्ष काढतील की त्यांच्या बायकांच्या अब्रूला तो फार जड जाईल. संबंध दोन्ही बाजूंच्या मर्जीने असतात, हे तिने सुचवलं होतं. मेम्फिस पेटलं. अग्रलेख पुरुषाने लिहिला असणार असं धरून गोऱ्या पत्रांनी लेखकाला भर चौकात डागण्याची भाषा केली. ती तेव्हा पूर्वेकडे प्रवासात होती. कचेरी आणि छापखाना मोडून टाकला, भागीदार आधीच पळाला होता. परत आलीस तर जीव जाईल असा निरोप आला. मग ती न्यूयॉर्कलाच राहिली आणि टी. टॉमस फॉर्च्यूनच्या ‘न्यूयॉर्क एज’मध्ये पहिल्या पानावर सगळं नावानिशी, तारखांनिशी लिहिलं. त्याचंच पुढे ‘सदर्न हॉरर्स’ हे चोपडं झालं. गुलामीतून सुटून काळ्यांचा पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लसने त्याला पत्र जोडलं, त्यात म्हणतो की या विषयावर मीही बोललोय, पण तुझ्यापुढे माझे शब्द दुबळे आहेत. डग्लससारखा वक्ता हे म्हणतो!

---

काळाकोट

वकिलीच्या पेशामुळे मला तिचं रेल्वेचं प्रकरण जास्त भावतं, त्यावर कुणीच लिहिलं नाही अजून.

ती विशीच्या सुरुवातीला आगगाडीने शाळेला जात होती. पहिल्या वर्गाचं तिकीट काढून बायकांच्या डब्यात बसली. कंडक्टर म्हणाला, उठ, धूम्रपानाच्या डब्यात जा. उठली नाही. त्याने ओढायला सुरुवात केली तेव्हा ती त्याच्या हाताला कडकडून चावली. त्याने आणखी दोघांना बोलावलं आणि तिघांनी मिळून तिला बाहेर काढलं. डब्यातले गोरे प्रवासी टाळ्या वाजवत होते, अंगावरच्या कोटाच्या बाह्या फाटल्या.

तिने चेसापीक-ओहायो अँड साउथवेस्टर्न कंपनीवर दावा ठोकला. १८८४ च्या डिसेंबरात खालच्या कोर्टात जिंकली, ५०० डॉलर भरपाई. कंपनी अपिलात गेली आणि १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. कारण वाचण्यासारखं आहे : या बाईचा हेतू शुद्ध नव्हता, थोड्या अंतरासाठी चांगली जागा मिळवण्यापेक्षा कंपनीला छळायचं होतं. वर खर्च तिच्याच माथी.

‘हेतू शुद्ध नव्हता’ हे वाक्य मी आजही कोर्टात दर महिन्याला ऐकतो. हक्क आहे की नाही ते नंतर, आधी तू का मागतोस ते सांग.

प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन हा भेदभावाला मान्यता देणारा निकाल १८९६ चा, म्हणजे हे त्याच्याही आधीचं.

---

पेठेतला_अण्णा

लेख चांगला. पण धागालेखिका भक्तिभावाने लिहिताहेत असं वाटलं. बाईंचं कुणाशीच पटत नसे हे कुठे आलं नाही. बुकर टी. वॉशिंग्टन आणि ड्यू बॉइस हे काळ्यांचे दोन मोठे पुढारी, दोघांशीही वाकडं, दारूबंदीवाल्या फ्रान्सिस विलर्डशी जाहीर भांडण, काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या स्थापनेच्या सभेतून तणतणत बाहेर. प्रत्येक वेळी चूक समोरच्याचीच कशी?

---

पाटीपेन्सिल

अण्णा, हेकट होती. तापट होती. आत्मचरित्रात ती स्वतःच सांगते. पण तुम्ही दिलेली यादी एकेक करून बघूया.

विलर्ड. अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्त्री-पुढारी. १८९० मध्ये तिने मुलाखतीत दक्षिणेतल्या काळ्या जमावांमुळे बायकामुलं असुरक्षित आहेत अशा अर्थाचं बोलून ठेवलं होतं. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये आयडा व्याख्यानं देत होती, लोक विचारत, विलर्डबाई याबद्दल काय म्हणतात? हिने ती मुलाखत शब्दशः छापायला दिली. पुन्हा तीच पद्धत, तुझेच शब्द तुझ्यापुढे. विलर्डबाई चिडल्या. यात वाकडं कुणाचं?

एन.ए.ए.सी.पी. १९०९ ची परिषद. लिंचिंगविरुद्ध सतरा वर्षं जी बाई एकटी लढली तिचं नाव चाळीस जणांच्या समितीतून गळलं. ओरड झाल्यावर घातलं. त्या वेळी तणतणत बाहेर पडणं मला तरी समजतं. बुकर टी. म्हणत होते, आधी हातात कसब येऊ द्या, पैसा येऊ द्या, मग गोरे मान देतील. टॉमस मॉसकडे हे सगळं होतं, स्वतःचं दुकान होतं. त्याला त्या *दुकानापायी* मारलं. हे जिने इतक्या जवळून अनुभवलं तिला वॉशिंग्टनचा सल्ला कसा पटावा?

---

पेठेतला_अण्णा

मॉसचा मुद्दा मान्य. तो मी असा जोडून पाहिला नव्हता. तरी चळवळ चालवायला जुळवून घेणारी माणसं लागतात, या मतावर मी ठाम आहे. एन.ए.ए.सी.पी. शंभर वर्षं टिकली. हिच्या संस्था टिकल्या का?

---

दुपारचा_चहा

अण्णा, १९१३ चा प्रसंग वाचा, मग बोलू. जानेवारीत तिने शिकागोत काळ्या बायकांसाठी ‘आल्फा सफ्रेज क्लब’ काढला. ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी मोठा मोर्चा होता. ती इलिनॉयच्या तुकडीबरोबर गेली. ऐनवेळी सांगितलं, दक्षिणेतल्या बायका बिथरतील, तू शेवटी काळ्यांच्या तुकडीत चाल. ही म्हणाली, चालीन तर इलिनॉयबरोबर, नाहीतर नाही. आणि निघून गेली. सगळ्यांना वाटलं, रुसली. मोर्चा निघाला, इलिनॉयची तुकडी आली तशी ही बघ्यांच्या गर्दीतून शांतपणे उतरली आणि दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मधोमध चालू लागली. वर्तमानपत्रात फोटो आला.

जुळवून घेतलं असतं तर तो फोटो नसता. आणि क्लब टिकला नाही म्हणता, तर १९१५ मध्ये शिकागोच्या नगरपालिकेत पहिला काळा सदस्य निवडून आला, ऑस्कर डी प्रीस्ट, त्यासाठी घरोघर फिरून नोंदणी केली ती याच क्लबच्या बायकांनी.

---

गोधडी

मला एक बायकी प्रश्न विचारायचाय. लग्न, मुलं? की सगळं सोडून?

---

दुपारचा_चहा

अगं, तोच भाग सगळ्यात मजेदार आहे. १८९५ मध्ये वकील-संपादक फर्डिनंड बार्नेटशी लग्न केलं. आडनाव जोडून लावलं, वेल्स-बार्नेट, त्या काळात! तो विधुर, त्याची दोन मुलं, मग यांची चार. मताधिकाराच्या चळवळीतल्या सुझन बी. अँथनीने तिला सुनावलं होतं की तुझ्यासारखीने लग्न करायला नको होतं, आता लक्ष दोन्हीकडे विभागणार. आयडा काय करायची, तर अंगावर पिणारं बाळ घेऊन सभांना जायची. १८९६ मध्ये काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली तेव्हा तिचा मुलगा चार्ल्स चार महिन्यांचा होता. त्या अधिवेशनात सर्वांत म्हातारी हॅरिएट टबमन आणि सर्वांत लहान हा. टबमनने त्याला व्यासपीठावर उचलून दाखवलं.

आणि ऐक, १९०९ मध्ये इलिनॉयच्या कैरो गावात लिंचिंग झालं. नवऱ्याने म्हटलं जा, ही म्हणाली, दर वेळी मीच का, पुढारी पुरुष मला नावं ठेवतात आणि कामाला कुणी येत नाही. झोपायला गेली. मोठ्या मुलाने उठवलं, आई, तू नाही गेलीस तर कुणीच जाणार नाही. सकाळी सगळी तिला सोडायला स्टेशनवर. कैदी झुंडीच्या हाती पडू देणाऱ्या शेरीफला पदावरून काढण्याचा कायदा इलिनॉयमध्ये होता, त्याखाली गेलेला तिथला शेरीफ परत पद मागत होता. हिने एकटीने गव्हर्नरपुढे बाजू मांडली आणि त्याला पद मिळू दिलं नाही.

तिची तरुणपणीची रोजनिशीही छापली आहे. त्यात नव्या कपड्यांपायी झालेली उधारी, मागे लागलेले तरुण, भावंडांची चिंता, सगळं आहे.

---

सत्यशोधक_नगर

एक दुवा जोडतो. आयडाला १८९३ मध्ये इंग्लंडला बोलावणाऱ्यांपैकी कॅथरिन इम्पी ही सॉमरसेटमधली क्वेकर या ख्रिस्ती पंथातली बाई १८८८ पासून ‘अँटी-कास्ट’ नावाचं मासिक चालवत होती. अमेरिकेतला वर्णभेद आणि साम्राज्यातला भेदभाव एकाच अंकात.

त्याच्याही पंधरा वर्षं आधी, १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे पुण्यातून तिकडे नजर होती. मला खटकतं ते एवढंच की आपल्याकडे ती नजर १८६५ पाशी थांबते. गुलामी संपली, बरं झालं, आता किंग येईपर्यंत नव्वद वर्षांत काही घडलंच नाही. आयडाचं सगळं आयुष्य त्या मोकळ्या जागेत आहे.

---

शिकागोतला_बंड्या

माझ्या रोजच्या रस्त्याचं नाव आलं म्हणून लिहितोय. इथला काँग्रेस पार्कवे २०१९ मध्ये आयडा बी. वेल्स ड्राइव्ह झाला. शहराच्या मध्यभागात काळ्या बाईचं नाव मिळालेला हा पहिला रस्ता. ब्राँझव्हिलमध्ये तिचं जुनं घर आहे, किंग ड्राइव्हवर. खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. जवळच २०२१ मध्ये रिचर्ड हंटने केलेलं स्मारक उभं राहिलं. हा पुतळा नाही, ब्राँझचे पिळलेले खांब वर चढत गेलेत. पाहुण्यांना नेलं की पहिला प्रश्न, बाई कुठाय यात?

त्याच भागात १९४१ पासून तिच्या नावाची सरकारी घरांची मोठी वसाहत होती. ती नंतर बकाल होत गेली आणि पाडली. त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना ‘आयडा बी. वेल्स’ म्हटलं की अजून ती वसाहत आठवते.

आणि १८९३ चा तो जागतिक मेळावा, ज्याच्या निमित्ताने विवेकानंदांचं भाषण झालं. आपण शिकागो म्हटलं की तेच सांगतो. त्याच मेळाव्यात काळ्या अमेरिकनांना जवळपास स्थान नव्हतं. आयडा, डग्लस, बार्नेट आणि आय. गार्लंड पेन यांनी ‘आम्ही इथे का नाही’ हे सांगणारी पुस्तिका छापली आणि हैतीच्या दालनातून वाटली. डग्लस हैतीचा प्रतिनिधी होता म्हणून तेवढी तरी जागा मिळाली.

---

काळाकोट

शेवटच्या वर्षांतलं एलेन या गावचं प्रकरण राहिलं. १९१९, आर्कन्सॉ. कापूस पिकवणारे काळे कुळवाडी रास्त भावासाठी संघटना करत होते. चर्चमधल्या बैठकीवर गोळीबार झाला, मग कित्येक दिवस काळ्यांची कत्तल झाली. आणि मृत्युदंडाची शिक्षा कुणाला? बारा काळ्यांना. आयडा त्यांच्या बायका-आयांबरोबर नातेवाईक बनून तुरुंगात शिरली, पहारेकऱ्याचं लक्षही गेलं नाही. कैदी मरणाची आणि स्वर्गाची भजनं म्हणत होते. ती म्हणाली, मरायची तयारी पुरे झाली, जगायचं आहे म्हणून प्रार्थना करा. बाहेर येऊन पुस्तिका लिहिली, तिच्यात प्रत्येकाचा किती एकर कापूस, किती मका, किती जनावरं गेली याचा हिशोब. दंगल कशासाठी झाली ते त्या हिशोबावरून कळतं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मूर विरुद्ध डेम्प्सी’त झुंडीच्या दडपणाखालचा खटला हा खटलाच नव्हे असं ठरवलं. पुढे सगळे सुटले.

अण्णांसाठी मुद्दाम : तो खटला एन.ए.ए.सी.पी.ने लढवला. त्यांनी तो उत्तम लढवला. दोन्ही प्रकारची माणसं लागतात.

---

पेठेतला_अण्णा

एवढं लिहिलंत तर पुस्तक सुचवा. पहिल्यांदा काय वाचू?

---

पाटीपेन्सिल

‘सदर्न हॉरर्स’. छोटं आहे, जालावर फुकट मिळतं, एका बैठकीत होतं. मग १८९५ चं ‘अ रेड रेकॉर्ड’. त्यात १८९२ सालच्या २४१ बळींची छाननी आहे, त्यांतले १६० काळे. नावं, गावं, कारणं, नुसत्या याद्या. कंटाळा येईल, तरी सोडू नका, याद्या हाच त्या पुस्तकाचा युक्तिवाद आहे. आत्मचरित्र शेवटी वाचा. ते तिने लिहायला घेतलं कारण एका तरुणीने सभेत तिची तुलना जोन ऑफ आर्कशी केली, आणि का केली हे तिला सांगता येईना. तिच्या पिढीला काही माहीतच नव्हतं. पुरं व्हायच्या आत, २५ मार्च १९३१ ला आयडा गेली. शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटलेलं आहे. मुलगी अल्फ्रेडाने कितीतरी वर्षं प्रकाशकांचे उंबरे झिजवले, १९७० मध्ये छापलं गेलं. पुलित्झरचा विशेष सन्मान २०२० चा. आणि लिंचिंग हा केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला मार्च २०२२ मध्ये. १८९८ मध्ये पोस्टमास्तर फ्रेझियर बेकरच्या खुनानंतर ती राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीला भेटून केंद्र सरकारनेच हात घालावा असं सांगून आली होती.

---

गोधडी

‘सदर्न हॉरर्स’ उतरवून घेतलं. आत्मचरित्र पुण्यात कुणाकडे असेल तर व्यक्तिगत निरोप करा, महिन्याभरात परत देईन. आणि पाटीपेन्सिल, ‘अ रेड रेकॉर्ड’मधल्या निवडक पानांचा अनुवाद टाका ना इथे. याद्यांसकट.